खिडकी अजून तीनशे पानं लांब

श्रावणातला शनिवार होता. राजवाड्याजवळच्या मंडईत पाय ठेवायला जागा नव्हती, वरून भुरभुर पाऊस आणि खाली चिखल. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात पिशवी, पिशवीतून अळूची पानं बाहेर आलेली. दोन्ही हात अडकलेले असले की हमखास कुणीतरी भेटतंच, तशी ती भेटली. "मॅडम!" म्हणाली आणि त्या चिखलातच वाकली. मी "अगं राहू दे, राहू दे" म्हणेपर्यंत नमस्कार उरकलासुद्धा. नाव काही आठवेना. पण चेहरा बारावी 'क'च्या तिसऱ्या बाकावरचा, भिंतीकडचा, हे पक्कं आठवलं. एकतीस वर्षं कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवलं की माणसं नावांनी लक्षात राहत नाहीत, बाकांनी राहतात. ती बाळंतपणाला माहेरी आली होती, मूल आता चार महिन्यांचं झालं होतं, पुढच्या आठवड्यात पुण्याला परत जायचं होतं, पण म्हणाली, "दर शनिवारी आईबरोबर इथंच असते बघा." आणि मग एकदम डोळे मोठे करून म्हणाली, "मॅडम, तुम्ही वर्गात त्या पुरुषाचं नाव घेऊन लिहिणाऱ्या बाईबद्दल, जॉर्ज एलियटबद्दल, सांगितलं होतं ना, ते डोक्यातून गेलंच नव्हतं. यंदा वाचलं मी. तिची ती इंग्रजी कादंबरी, 'मिडलमार्च'. पूर्ण वाचलं! रात्री दोन-दोन वाजता, बाळाला मांडीवर घेऊन, फोनवर."

मला भरून आलं, हे खोटं नाही. शिकवलेलं कुठंतरी रुजलं याचा आनंद पेन्शनच्या आकड्यापेक्षा मोठा असतो. पण ती थांबेना. "ती रात्रभर जमिनीवर पडून रडते आणि पहाटे उठून खिडकीचा पडदा सारते ना मॅडम, आणि बाहेर रस्त्यावर ती माणसं दिसतात… तिथं मी वाचायचंच थांबले. नुसती बसून राहिले." मी म्हटलं, "हो ना." जुड्यांच्या ढिगामागून भाजीवाली विचारत होती, "बाई, कोथिंबीर दहाची देऊ का वीसची?" आणि ही विचारत होती, "तुम्हाला सगळ्यात कोण आवडतं मॅडम?" मी भाजीवालीला म्हटलं, "वीसची." हिला म्हटलं, "डोरोथिया."

मी ते पुस्तक वाचलेलं नाही. कुठली खिडकी, हे मला ठाऊक नव्हतं.

घरी येऊन कोथिंबीर निवडताना लक्षात आलं की हे खोटं आजचं नाही, जवळजवळ चाळीस वर्षांचं आहे. १९८५ साली कोल्हापूरला एम. ए. करत होते. कोरेगाव तालुक्यातली मराठी शाळेतून आलेली मुलगी, हॉस्टेलच्या खोलीत चार जणी, त्यातल्या दोघी कॉन्व्हेंटच्या. व्हिक्टोरियन कादंबरीच्या पेपराला हा ठोकळा लावलेला. लायब्ररीत प्रती दोन आणि आम्ही साठ जण. प्रत माझ्या वाट्याला आली ती चार दिवसांसाठी. सोळाव्या शतकातल्या स्पेनच्या संत तेरेसावरची प्रस्तावना वाचली, त्यात काय चाललंय ते कळेना. पहिली दहा पानं डिक्शनरी घेऊन वाचली आणि पाचव्या दिवशी प्रत परत केली. मग सगळ्यांनी केलं तेच केलं. पिवळ्या कव्हरचं, वर्तमानपत्री कागदावरचं गाईड आणलं. त्यात प्रत्येक पात्राचं स्वभावचित्र दीड पानात. 'डोरोथिया ही आधुनिक काळातली संत तेरेसा आहे, चर्चा करा' हा प्रश्न आला आणि मी अशी काही चर्चा केली की मार्क वर्गात दुसऱ्या क्रमांकाचे. त्या डोरोथियाच्या नवऱ्याचं नाव 'कॅसॉबन' की 'कासाबॉन', हेही मला माहीत नव्हतं. ते मोठ्यानं म्हणायची वेळ आली की मी खोकायचे.

पुढे नोकरी लागल्यावर तर मी त्या पुस्तकाची जणू एजंट झाले. लिहिणाऱ्या बाईबद्दल मला सगळं माहीत होतं. खरं नाव मेरी अ‍ॅन इव्हान्स, जन्म १८१९, वॉरिकशायरमधला. ज्या कोव्हेंट्री गावात तरुणपणी राहिली त्याच्यावरून मिडलमार्च हे गाव बेतलं असं मानतात. ज्याचं कायदेशीर लग्न मोडू शकत नव्हतं त्या जॉर्ज ल्यूइसबरोबर १८५४ पासून उघडपणे राहिली आणि त्यापायी तिच्या भावानं वर्षानुवर्षं तिच्याशी संबंध तोडला. बारावीच्या मुलींना हे सांगितलं की वर्ग गप्प व्हायचा, टाचणी पडली तरी ऐकू यावी. कादंबरीचं शेवटचं वाक्य मला तोंडपाठ होतं. तुमचं-माझं जितकं वाईट व्हायचं तितकं होत नाही याचं निम्मं श्रेय अशा माणसांना, जी निष्ठेनं आडवळणाचं आयुष्य जगली आणि ज्यांच्या थडग्यांकडे आता कुणी फिरकत नाही, अशा आशयाचं ते वाक्य. निरोपसमारंभात मी ते हमखास वापरायची. किती जणांना वापरलं! गणिताच्या एका बाईंना तर भर सभेत, हारतुऱ्यांनिशी, तुमच्या थडग्याकडे कुणी फिरकणार नाही असं मी सांगितलं आणि त्या डोळे पुसत होत्या. आठशे पानं न वाचता शेवटचं वाक्य तेवढं खिशात घालून मी तीस वर्षं फिरत होते.

वाचायचा प्रयत्न केला नाही असं मात्र नाही. १९९८ च्या दिवाळीच्या सुट्टीत स्वतःची प्रत विकत घेतली. आठ दिवसांत संपवायचं, रोज शंभर पानं, असा हिशेब वहीत मांडला. चकलीचं पीठ भिजत घालायचं आणि तेवढ्यात एक प्रकरण. पंधराव्या प्रकरणापाशी गाडं रुतलं. तिथं नवा डॉक्टर लिडगेट याची ओळख करून द्यायची असते, आणि बाई आधी शंभर वर्षांपूर्वीच्या दुसऱ्या एका कादंबरीकाराबद्दल बोलायला लागतात: त्या काळी दिवस मोठे होते, तो आरामखुर्ची टाकून गप्पा मारायचा, मला तेवढी सवड नाही… सवड नाही म्हणता म्हणता अख्खा परिच्छेद. मला अगदी आमच्या एका चुलतमावशीची आठवण आली. ती "मी काय जास्त बोलत नाही हं" म्हणून सुरू करायची आणि तोवर चहाच्या कपावर साय धरायची. आणि ती वाक्यं! मराठीत क्रियापद शेवटी येतं, तिथवर पोचलं की माणूस टेकतो. इथं क्रियापद दुसऱ्याच ओळीत येऊन जातं आणि पुढे सात ओळी नुसते अर्धविराम. एकेका अर्धविरामाला एकेक नवी शंका लोंबकळलेली. गंमत म्हणजे बाईंना हे माहीत होतं. आठव्या प्रकरणात कुणीतरी म्हणतं की त्या कॅसॉबनच्या अंगात लाल रक्तच नाही, तर गावातली फटकळ पाद्रीणबाई उत्तर देते: कुणीतरी त्याच्या रक्ताचा थेंब भिंगाखाली धरला होता, त्यात नुसते अर्धविराम आणि कंसच निघाले. मी तिथं पेन्सिलीनं समासात लिहिलं होतं, 'आणि तुमच्या?' ते अजून आहे. चकलीचं पीठ मात्र त्या दिवशी सैल झालं.

तिसरी खेप लॉकडाऊनमधली. निवृत्त झालेली, दारं बंद, सबब उरलेली नाही. या खेपेला रोमपर्यंत गेले. विशीही न गाठलेली डोरोथिया आणि पंचेचाळिशी ओलांडलेला, वर्षानुवर्षं एकाच ग्रंथाची टिपणं काढत बसलेला कॅसॉबन लग्नानंतर रोमला जातात. तो दिवसभर व्हॅटिकनच्या ग्रंथालयात आणि ती खोलीत हुंदके देत. तो तिला बाहेर नेतो तेव्हा काय म्हणतो, तर राफाएलची भित्तिचित्रं आहेत, बहुतेकांना ती पाहण्याजोगी वाटतात. तुम्हाला काय वाटतं हो? ते नाही सांगत. मी चिडले. इतकी चिडले की पुस्तक मिटून टेबलावर आपटलं आणि आमचे हे दचकून बशीतला चहा सांडून बसले. (हे चहा बशीत ओततात आणि फुर्रकन आवाज करतात. डोरोथियाची धाकटी बहीण तिला म्हणते, अगं, तो सूप पिताना चमचा किती खरवडतो ऐकलंस का? लेखिकेनं एवढं एक वाक्य लिहून कादंबरी थांबवली असती तरी मी तिला मोठी म्हटलं असतं.) त्यात भर म्हणजे ऐन भांडणाच्या तोंडाशी बाई डोरोथियाला तिथंच रडत सोडून गावाकडे परततात, कुणा फ्रेडच्या घोड्याच्या भानगडीत. मी म्हटलं, बस्स. ते वर्ष कुरडयांचं होतं. गच्चीवर प्लास्टिक अंथरलं, चार कोपऱ्यांवर तीन विटा मिळाल्या, चौथ्या कोपऱ्यावर 'मिडलमार्च' ठेवलं. वजन बरोबर होतं. मुखपृष्ठावर अजूनही गव्हाच्या चिकाचा वाळलेला ठिपका आहे, नखानं खरवडला की पापुद्रा सुटतो.

तर मंडईतून आल्यावर मी ते पुस्तक काढलं. धूळ झटकली. या खेपेला हिशेब बदलला.

ही कादंबरी लोकांनी पहिल्यांदा वाचली ती सलग वाचलीच नव्हती. डिसेंबर १८७१ ते डिसेंबर १८७२ या काळात ती आठ भागांत निघाली. आधी दर दोन महिन्यांनी एक भाग, शेवटचे दोन महिन्याच्या अंतरानं, एकेक भाग पाच शिलिंगांना. म्हणजे डोरोथिया रोमला रडत होती तेव्हा वाचणाऱ्यांना मध्ये दोन महिने काढावे लागले, ऋतू बदलला, घरात कुणी आजारी पडलं. आणि मी ती दिवाळीच्या आठ दिवसांत उरकायला बसले होते, फराळासारखी. खरं तर क्रमशः म्हणजे काय हे मला सांगायला नको होतं. माझी आई साप्ताहिकातली क्रमशः कादंबरी कात्रीनं कापून ठेवायची. सगळी प्रकरणं जमली की दाभणानं भोकं पाडून जाड दोऱ्यानं शिवायची आणि खळ लावून त्याला जुन्या कॅलेंडरचं कव्हर चढवायची. एक अंक चुकला तर त्या जागी कोरा कागद घालायची आणि त्यावर काय झालं असेल ते स्वतः दोन ओळींत लिहायची. तिला आठवडाभर थांबायचा कंटाळा आलेला मी कधी पाहिला नाही. धुणं धुताना शेजारणीशी त्या पात्रांबद्दल बोलायची, जणू ती माणसं पलीकडच्या आळीतच राहतात.

मग मीही ठरवलं, महिन्याला एक भाग. संपला की पुस्तक कपाटात, पहिल्या तारखेपर्यंत हात लावायचा नाही. पहिले दोन भाग श्रावण-भाद्रपदात गेले. या वेळी दोन गोष्टींमधली ती उडी तितकी बोचली नाही, कारण ती का आहे हे मला आता कळलं होतं. बाईंनी १८६९ मध्ये सुरुवात केली ती डॉक्टरच्या गोष्टीनं. ती अडली. मग १८७० च्या अखेरीस 'मिस ब्रुक' नावाची वेगळीच गोष्ट लिहायला घेतली आणि नंतर दोन्ही जोडल्या. गोधडी आहे ती. गोधडीत दोन लुगड्यांचे तुकडे जिथं भेटतात तिथं हाताला जाडसर लागतंच. त्याला कुणी गोधडीचा दोष म्हणत नाही.

आणि फ्रेडच्या ज्या घोड्यापायी मी पुस्तक आपटलं होतं, त्याच घोड्यानं मला या वेळी आत ओढलं. तिसऱ्या भागात आहे ते. फ्रेड हा श्रीमंत घरचा, उधळ्या, मनानं वाईट नाही असा मुलगा. एकशे साठ पौंडांच्या हुंडीला त्यानं जामीन घेतलंय कुणाला, तर केलेब गार्थला, ज्याच्याकडे स्वतःकडेच काही नाही. पैसे उभे करायला घेतलेला घोडा पाय दुखावून घेतो. हातात उरतात पन्नास. उरलेले एकशे दहा गार्थनी भरायचे. फ्रेड ही बातमी सांगायला जातो तेव्हा गार्थबाई स्वयंपाकघरात आहेत. त्या पूर्वी शिक्षिका होत्या. समोर पीठ, हात पिठात, कडा चिमटीनं दाबत 'पाय' हा भट्टीत भाजायचा पदार्थ करताहेत, आणि त्याच वेळी दोन पोरांना इंग्रजीचं व्याकरण शिकवताहेत. एक डोळा भट्टीवर, एक कर्ता-क्रियापदावर. मुलाला काम शिकायला उमेदवारीला घालायला त्यांनी चार वर्षं शिल्लक टाकून ब्याण्णव पौंड जमवलेत. ते जाणार. उरले अठरा. ते थोरली मेरी देणार, दुसऱ्याच्या घरी आजाऱ्याची सेवा करून साठवलेले. ब्याण्णव अधिक अठरा, एकशे दहा. मी पेन्सिलीनं बेरीज करून पाहिली, बरोबर येते. संतांच्या प्रस्तावनेपेक्षा ही बेरीज मला समजली. कणकेच्या हातांनी उत्तरपत्रिका तपासलेली बाई आहे मी. तेव्हाच्या एका मुलाच्या पेपरवर पिठाचा अंगठा उमटला होता आणि त्यानं तो पुनर्तपासणीच्या अर्जाला जोडला होता. गार्थबाई फ्रेडवर ओरडत नाहीत. शांतपणे म्हणतात, आता मुलाला दुसरं काही बघावं लागेल. कुठल्या गाईडात हे नव्हतं. गाईडात गार्थ कुटुंब 'प्रामाणिक कष्टकरी वर्गाचं प्रतीक' होतं.

ऑक्टोबरमध्ये मी एकोणतिसाव्या प्रकरणापाशी आले. आजवर इतक्या लांब मी कधी आलेच नव्हते. प्रकरण असं सुरू होतं: लोविकला (कॅसॉबनच्या घरी) येऊन काही आठवडे झाल्यावर एके सकाळी डोरोथिया… आणि तिथंच बाई स्वतःचं वाक्य तोडतात. पण सारखी डोरोथियाच का?

मी मोठ्यानं हसले. घरात कुणी नव्हतं. नळ गळत होता तेवढाच आवाज.

कोथिंबिरीच्या ढिगासमोर दिलेलं ते उत्तर मला कुणीतरी दीडशे वर्षांआधी परत केलं होतं. सारखी तिचीच बाजू का, बाई विचारतात. या लग्नात दुसरंही एक माणूस आहे, त्याचे डोळे मिचमिचे असतील, चेहऱ्यावरच्या चामखिळी मेहुणीला खटकत असतील, पण त्यालाही आतून काहीतरी होतंच आहे. आणि मग चार-पाच पानं कॅसॉबनच्या आत. त्याला काय वाटतं? भीती. आपला महाग्रंथ, सगळ्या पुराणकथांची ती किल्ली, कधी पुरा होणार नाही याची. आणि त्याहून मोठी, आपल्याला काहीच येत नाही हे कुणीतरी ओळखेल याची. आधीच, रोममध्ये, कॅसॉबनचा तरुण नातलग विल लॅडिस्लॉ डोरोथियाला सांगून गेलेला असतो की या विषयात जर्मनांनी केव्हाच वाट काढलीय आणि कॅसॉबनला जर्मन येत नाही. खिशातलं होकायंत्र घेऊन ज्या जंगलात तो वर्षानुवर्षं चाचपडतोय, तिथून सडक गेलेली आहे. एवढं सांगून बाई सरळ म्हणतात की मला त्याची फार कीव येते. त्यांना म्हणे कुणीतरी विचारलं होतं, हा कॅसॉबन तुम्ही कुणावरून घेतलात? तर त्यांनी बोट आपल्याच छातीवर ठेवलं, असं सांगतात.

आता सांगायला हरकत नाही. माझ्या कपाटावर चपलांची चार खोकी आहेत. त्यांत लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू कापून केलेली कार्डं. १९९४ पासून मी मराठी माध्यमाच्या मुलांसाठी इंग्रजी वाक्प्रचारांचा कोश करते आहे. प्रत्येकाला आपल्याकडचा चपखल मराठी वाक्प्रचार, शब्दशः भाषांतर नव्हे. 'एच'पर्यंत पोचलेय. निवृत्त झाल्यावर आता होईल म्हणत होते. मागच्या वर्षी शेजारचा इंजिनिअरिंगचा मुलगा पंखा पुसून द्यायला स्टुलावर चढला, खोक्यात डोकावला आणि अगदी प्रेमानं म्हणाला, "काकू, हे सगळं फोनवर आहे की. बोललं तरी सांगतो तो." मी त्याला लाडू दिला. तो गेल्यावर खोकी जरा मागे सरकवली, भिंतीला लागून.

म्हणजे रोमच्या प्रसंगापाशी मी पुस्तक आपटलं, ते काही डोरोथियासाठी नव्हतं. लॉकडाऊनमध्ये मी दोन वेळा तो प्रसंग वाचला होता आणि दोन्ही वेळा वाटलं होतं, काय हा माणूस, किती रटाळ, आणि ही बाई किती लांबण लावते. एखाद्याच्या अंगाला घामाचा वास येतो म्हणून आपण खिडकी उघडावी आणि मग कळावं की वास आपल्याच ब्लाऊजचा आहे, तसं काहीसं. अर्थात लांबण बाई लावतातच. ते मी मागे घेत नाही. एखादा विचार तीनदा सांगायची त्यांना खोड आहे आणि चौथ्यांदा त्याला विज्ञानातली उपमा देतात. चौथ्या भागातली राजकारणाची काही पानं मी चाळत गेले, शपथेवर सांगते, त्या सुधारणा विधेयकानं मला काही केलं नाही.

पण त्याच भागाचा शेवट. बेचाळिसावं प्रकरण. डॉक्टरनं कॅसॉबनला सांगितलंय, हृदय खराब आहे, पंधरा वर्षं जगाल किंवा उद्याच जाल. तो बागेत झाडांखाली येरझाऱ्या घालतोय. डोरोथिया जाऊन त्याच्या हाताला हात घालते, तर हा हात मागे बांधून ताठ. तिचा हात तसाच त्या कडक दंडावर लोंबत राहतो. ती खोलीत जाऊन संतापते. आयुष्यात पहिल्यांदा इतकी संतापते. जेवायला खाली जात नाही. हळूहळू राग ओसरतो, कसा ओसरतो ते बाई घाई न करता सांगतात, आणि इथं ती घाई नसणं मला पटलं, कारण राग असाच जातो, पायरी पायरीनं, मध्ये एकदोनदा परत चढून. रात्री ती जिन्याच्या तोंडाशी अंधारात उभी राहते. तो हातात मेणबत्ती घेऊन वर येतो, दचकतो. माझी वाट बघत होतीस? हो. आणि तो म्हणतो, चल, चल, तू तरुण आहेस, जागरणानं आयुष्य लांबवायची तुला गरज नाही. एवढंच. त्यात विनोद आहे की माया आहे हे त्यालाही नीट कळत नसावं. दोघं हात धरून त्या रुंद बोळातून खोलीकडे जातात. भाग संपतो. १८७२ च्या वाचकाला यापुढे दोन महिने थांबायचं होतं. मला नोव्हेंबर संपेपर्यंत. मी थांबले. रात्री आमच्या ह्यांनी चहाची बशी तोंडाला लावली, फुर्र केलं, आणि मी काही बोलले नाही.

पाचव्या भागात तो गेला. आदल्या रात्री तो तिच्याकडे मागतो की माझ्यामागे माझ्या इच्छेप्रमाणे वागशील असं वचन दे. तिला वाटतं, म्हणजे तो ग्रंथ पुरा करायचा. ती म्हणते, सकाळपर्यंत वेळ द्या. रात्रभर तिच्या डोळ्यांसमोर ती मोडकी टिपणं, त्यांतली न लागणारी टोकं आणि पुढची सगळी वर्षं. सकाळी ती ठरवते, हो म्हणायचं. पटलेलं नाही, तरी हो म्हणायचं. बागेतल्या झोपडीवजा मांडवात तो दगडी टेबलावर हातांवर डोकं टेकून बसलाय. ती म्हणते, मी आले, मी तयार आहे. तो हलत नाही. तिला वाटतं, झोपला असेल.

मी पुस्तक मिटलं. मंडईतून आणलेले हिरवे हरभरे सोलायला घेतले, किलोभर होते, सगळे सोलले. बोटं हिरवी झाली आणि नखांत आंबट वास बसला. मृत्युपत्रात त्यानं काय लिहून ठेवलंय तेही पुढच्या दोन प्रकरणांत वाचलं. विलशी लग्न केलंस तर माझी इस्टेट जाईल, अशी पुरवणी. किती क्षुद्र! तरी मला त्याचा राग येईना. आता पुस्तकात तरणाताठा विल आहे, कुरळ्या केसांचा, त्याला पाहून बाईंची वाक्यंही थोडी हलकी होतात, प्रेम होणार हे शेंबड्या पोरालाही दिसतंय. पण कॅसॉबन गेल्यापासून मला त्या घरात करमत नाही. त्याच्या अभ्यासिकेत जाऊन ती कागदांच्या गठ्ठ्यांकडे बघते तेव्हा मला वाटतं, निदान 'एच'पर्यंत तरी नीट लावून ठेव गं.

पन्नासाव्या प्रकरणाच्या शेवटाशी खूण घातली आहे. आईच्या शिवलेल्या कादंबरीतला दोरा सुटून हातात आला होता, तीच खूण. अधूनमधून मोह होतो की तीनशे पानं उडी मारून ती खिडकी बघावी, पडदा सारल्यावर रस्त्यावर कोण दिसतं ते. पोरीनं सांगितलंय एवढं की माणसं दिसतात. कशी, किती, काय करत होती, ते मी तेव्हा मान डोलावण्याच्या नादात विचारलंच नाही. उडी मारणार नाही. पहिल्या तारखेपर्यंत पुस्तक कपाटात आहे, खोक्यांच्या शेजारी.

ती पुण्याला गेली म्हणतात, पण सुट्ट्या लागल्या की येते. संक्रांतीचा बाजार भरला आहे, वाण घ्यायचंय, गाजरं घ्यायचीत, आणि शनिवारी मी हल्ली मंडईत मागच्या गल्लीनं शिरते.